मोकळ्या जागेतले ठिपके

मॅडम : ...तर काका, बाकी सगळं झालं. यादीतल्या एवढ्या एकाच ओळीपुढे मला तुमची खूण हवी आहे. हे ठिपके धुळीचेच ना?

बापू : कुठले ठिपके?

मॅडम : हे काय. दिवा असा आडवा धरा, कागदाला जवळजवळ टेकवून. दिसले? सरळ उजेडात काही नाही, सूर्याचा हा जुना प्रिंट कसा आरशासारखा. आडव्या उजेडात मात्र त्या चकाकीवर बारीक बारीक मंद ठिपके. शाईचे आहेत. स्कॅनरने पकडले, नाहीतर आम्हाला जन्मात कळलं नसतं.

बापू : हां हां, ते होय. ते... म्हणजे कसं, निगेटिव्हवर धूळ बसली की प्रिंटवर तेवढी जागा पांढरी उमटते. मग बारीक ब्रश घ्यायचा, राखाडी शाई लावायची आणि ती जागा बुजवायची. सगळ्याच डार्करूममध्ये करतात. फोटो स्टुडिओवाले गिऱ्हाइकाच्या गालावरचे वण नाही का घालवत, तसंच.

ताई : पण आपल्याकडे ब्रश बंद झाला होता ना रे? संचालक साहेबांचं परिपत्रक निघालं होतं, सूर्याच्या प्रिंटला हात लावायचा नाही म्हणून.

बापू : अगं, त्याच्या आधीचे असतील हे.

मॅडम : असतीलही. तारखाच लागलेल्या नाहीत अजून. म्हणून तर बाईंना बोलावलं. बाई, तुमच्या निरीक्षणाच्या वह्या मिळाल्या, पण त्यातलं अक्षर आमच्यापैकी कुणालाही लागत नाही.

ताई : मलाही लागत नाही. सत्तावीस वर्षं शाळेत पोरांवर ओरडले, सुवाच्य लिहा, सुवाच्य लिहा. आणि इथे मागे हा पुरावा ठेवून गेले होते. द्या इकडे.

मॅडम : म्हणजे बाई वहीतल्या वेळा वाचतील आणि काका त्या वेळेचा प्रिंट शोधतील. बाई दुर्बिणीवर, काका डार्करूममध्ये, एका घरातली दोन माणसं एकाच वेधशाळेत. आमचं नशीब की दोघंही आज एका टेबलाशी बसलात.

ताई : याला मीच चिकटवलं होतं इथे. घरी आईची भांडी दोनदा घासायचा, एवढी स्वच्छतेची खोड. म्हटलं, असा माणूस डार्करूमलाच बरा.

बापू : झालं, सुरू केलंस.

मॅडम : काका, एक सांगते. तुम्ही ‘धूळ’ म्हणालात की संगणक हे सगळे ठिपके वगळेल. आणि एकदा वगळले की पुन्हा कुणी ते बघणार नाही. तेव्हा नीट आठवून सांगा. हे तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नाही.

बापू : धूळच. दुसरं काय असणार?

मॅडम : नाही, मला आपली शंका आली. बरेचसे ठिपके मोकळ्या जागेत आहेत, सूर्याच्या डागांपासून लांब. आणि अलीकडे मोकळ्या जागेतही बारीक स्फोट सापडलेत, म्हणून म्हटलं...

ताई : काय सापडलंय?

मॅडम : शांत भागातले स्फोट. इवलेसे, अगदी खालच्या थरातले. झाली की आता काही वर्षं. बाई, तुमच्या कानावर नाही आलं?

ताई : मी सूर्याचं वाचणं सोडलं होतं. सांगा ना. दिसतात कसे?

मॅडम : नुसते ठिपके. दोन-तीनशे किलोमीटरचे, म्हणजे सूर्याच्या मानाने टाचणीचं टोकही नाही. मिनिटभर लखलखतात की संपलं. वर्णपटातल्या हायड्रोजनच्या लाल रेषेच्या मध्यावर प्रकाशाची गाळणी ठेवली तर दिसतच नाहीत. जरा कडेला...

ताई : कडेला सरकवली की दिसतात. मध्यावर वरचे ढग असतात. कडेला सरकवली की नजर त्या ढगांच्या खाली पोचते.

मॅडम : अगदी बरोबर. अजून सगळं लक्षात आहे तुमच्या!

ताई : आणि कारण? कारण काय सांगतात?

मॅडम : चुंबकीय रेषा. खाली सगळं उकळत असतं. त्या लोंढ्यात उलट्या दिशांच्या रेषा एकमेकींवर रेटल्या जातात. फार जवळ आल्या की तुटतात आणि समोरच्या रेषेशी नव्याने जोडल्या जातात. त्यात जो ताण सुटतो त्याची उष्णता होते, आणि तो ठिपका चमकतो. डागांपाशी असे ठिपके दिसतात हे शंभर वर्षांपासून माहीत होतं. मोकळ्या जागेतही असं होत असेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

ताई : कुणाच्याच नाही?

मॅडम : माझ्या वाचनात तरी नाही. हॅलो... हो, आलेच, बसवा त्यांना. बाई, पाहुणे आलेत, मला जायला हवं. पाचपर्यंत येते. काका, तेवढी खूण करून ठेवा, हं.

बापू : पाणी देऊ?

ताई : बस खाली.

बापू : मी त्या खोक्यांचं बघतो, म्हणजे लवकर...

ताई : बस म्हटलं ना. ऐकलंस तू ती काय म्हणाली?

बापू : ऐकलं.

ताई : मिनिटभर म्हणाली. मी पन्नास सेकंद लिहिलं होतं. अडतीस वर्षं, बापू. कधीतरी हे कानावर पडलं तर मी नाचेन असं वाटायचं मला. आणि बघ, बसूनच राहिलेय.

बापू : तुझं बरोबर होतं, ताई.

ताई : माझं बरोबर होतं! पुन्हा म्हण.

बापू : तुझं बरोबर होतं.

ताई : मग प्रिंटवर का नव्हते रे?

बापू : फिल्मने पकडले नसतील. आता त्यांच्या दुर्बिणी केवढ्या, आपली केवढी. डोळ्याला दिसतं ते सगळंच फिल्मला दिसतं असं थोडंच आहे.

ताई : साहेब नेमकं उलटं म्हणाले होते. डोळा थकतो, फिल्म थकत नाही. माझ्या तोंडावर. सहा माणसं बसली होती टेबलाभोवती, आणि माझे ते तीन प्रिंट मधोमध. लागोपाठच्या तीन फ्रेम, वीस वीस सेकंदांच्या अंतराने. मीच मागून घेतले होते तुझ्याकडून. थांब, वहीत असेल. ही बघ. ‘अकरा बेचाळीस. हवा स्थिर. गाळणी कडेला. मोकळ्या जागेत ओळीने तीन.’ खाली रेघ मारलीय दोनदा. किती उड्या मारत होते मी तेव्हा!

बापू : कागद जुना आहे, जरा जपून उलट.

ताई : ते तीन प्रिंट काढ.

बापू : ते नसतील इथे.

ताई : अल्बमचं चौथं खोकं. तुझ्यासमोरच आहे.

बापू : अगं, पाच वाजेपर्यंत तिला तारखा द्यायच्यात. हे मागाहून बघू.

ताई : सरक. मी काढते. हे काय, वरच तर आहेत. पाठीवर अक्षर कुणाचं? तुझंच. अकरा बेचाळीस दहा, बेचाळीस तीस, बेचाळीस पन्नास. तो दिवा दे.

बापू : कशाला दिवा? ते परिपत्रकानंतरचे आहेत.

ताई : तेच तर बघायचंय. दे.

(ती दिवा आडवा धरते.)

ताई : एक, दोन, तीन.

बापू : ताई...

ताई : दुसरा दे.

बापू : धूळ असते गं ती. हवेतच असते, काय करणार.

ताई : दुसरा दे. एक, दोन, तीन. त्याच जागी. तिसरा. एक... आणि हा दोन. मधला नाही. आता वही घे आणि खालची ओळ वाच. तुला लागतं माझं अक्षर.

बापू : ‘मधला आधी विझला.’

ताई : तीन वेगवेगळ्या निगेटिव्ह. धूळ तिन्हींवर मोजून एकाच जागी बसली का? आणि मधला कण वेळ झाली म्हणून उठून गेला?

बापू : नाही.

ताई : मग काय आहे हे?

बापू : माझा ब्रश आहे.

ताई : परिपत्रकानंतरही?

बापू : नंतरही. म्हणजे कसं, काचेचं कपाट आणलं, हवा गाळायचा पंखा आणला, साहेबांना वाटलं धूळ संपली. धूळ कधी संपते का? प्रिंट अजूनही ठिपक्याठिपक्यांचेच यायचे. मी दार लावून बुजवायचो आणि मग द्यायचो. साहेब पाहुण्यांपुढे अल्बम उघडायचे आणि म्हणायचे, असे प्रिंट दुसरीकडे शोधून सापडणार नाहीत. मी मागे उभा असायचो. तेवढंच होतं गं मला. तुझं नाव लेखांवर छापून यायचं. मी बारा महिने त्या लाल दिव्याच्या अंधारात, बोटांना औषधाचा वास, आणि महिन्यातून एकदा ते एक वाक्य.

ताई : आणि डागांजवळचे पांढरे ठिपके? ते तर तसेच आहेत सगळे. त्यांना कसा हात लावला नाहीस?

बापू : ते खरे असतात ना.

ताई : हे कुणी सांगितलं तुला?

बापू : जाऊ दे आता.

ताई : कुणी सांगितलं, बापू?

बापू : तूच. पहिल्या वर्षी. मी डागाजवळचे दोन बुजवले होते तर केवढी ओरडलीस माझ्यावर. म्हणालीस, डागाजवळचं पांढरं ते खरं आणि मोकळ्या जागेतलं पांढरं ती धूळ, डोळे मिटून बुजव. मी चिठ्ठी लिहून प्रिंट मोठे करायच्या एन्लार्जरवर चिकटवली होती. पुढे ती पिवळी पडली तरी काढली नाही.

ताई : डोळे मिटून. असं म्हणाले होते मी?

बापू : तुझा दोष काढत नाहीये मी.

ताई : काढ की. आहेच तो माझा. तेव्हा सगळे तसंच मानायचे, मीही मानलं आणि तुलाही तेच शिकवलं. पाच वर्षांनी मलाच मोकळ्या जागेत दिसायला लागलं, तेव्हा आधी तुझ्याकडे धावत यायला हवं होतं. बाबा रे, ते जुनं विसर, असं सांगायला. मला सुचलंच नाही. माझ्या लेखी ब्रश बंद झाला होता. अरे देवा! म्हणजे मीच लावलेला नियम आणि मीच त्याच्याखाली सापडले. हसू की रडू ते कळत नाहीये मला. हात दे जरा.

बापू : हं, घे. पाणी पी.

ताई : तू कशाला असा काळवंडलास? चूक म्हणायची झालं. थोडी तुझी, जास्त माझी. मॅडम आल्या की सांगू दोघं मिळून. पोटभर हसतील.

बापू : हो.

ताई : बापू.

बापू : काय?

ताई : माझ्याकडे बघ. तुला कधी कळलं हे?

बापू : आज. आत्ता. तू दिवा धरलास तेव्हा.

ताई : लहानपणी साखर खाऊन तू असाच भिंतीकडे बघायचास. कधी कळलं?

बापू : बैठकीत.

ताई : कुठल्या बैठकीत?

बापू : त्याच. तू प्रिंटवर बोट ठेवून म्हणालीस, इथे ओळीने तीन होते. मला आठवलं. ते तीन बुजवताना माझा हात थांबला होता. धूळ अशी ओळीत बसत नाही, असं मनात आलं होतं. पण जेवायची वेळ झाली होती, म्हटलं असेल काहीतरी, आणि बुजवून टाकले.

ताई : त्या बैठकीत मी तुला विचारलं होतं. सगळ्यांसमोर. बापू, या प्रिंटला काही केलंयस का?

बापू : हो.

ताई : काय म्हणालास तू?

बापू : नेहमीसारखाच प्रिंट आहे म्हणालो.

ताई : नेहमीसारखाच! वकील व्हायला हवं होतंस. खोटंही नाही आणि खरंही नाही.

बापू : परिपत्रक मोडलेलं. नोकरी कायम करायचा कागद साहेबांच्या टेबलावर, सहीला पडलेला. घरात पंधरा दिवसांचं बाळ. माझी पाचावर धारण बसली, ताई. वाटलं, आत्ता वेळ मारून नेऊ आणि संध्याकाळी तुला एकटीला सांगू. संध्याकाळी वाटलं उद्या सांगू. आणि मग तू राजीनामाच दिलास.

ताई : आणि निगेटिव्ह? मी म्हटलं होतं, निगेटिव्ह आणा, भिंगाखाली बघू. तू म्हणालास, त्या नेहमीप्रमाणे फिल्मवरची चांदी काढायच्या टाकीत गेल्या, धुऊन पुसल्या गेल्या.

बापू : गेल्या नव्हत्या.

ताई : काय?

बापू : त्या शनिवारी जायच्या होत्या. बैठक बुधवारी होती. डबा माझ्या कपाटात होता. तीन दिवस मी तो उघडायचो, फिल्म उजेडात धरायचो. काळे तीन ठिपके, टाचणीने टोचल्यासारखे. बाजूला काढूनही ठेवला होता मी तो डबा. आणि शनिवारी टाकीत सोडला. दुसऱ्या कुणी नाही. मीच.

ताई : म्हणजे माझ्यानंतर ते बघितलेला जगात एकच माणूस होता. तू.

बापू : हो.

ताई : साहेबांचं मला काही वाटलं नव्हतं रे. ते म्हणाले तुम्ही थकलात, तेव्हा मी मनात म्हटलं, तुम्ही दुर्बिणीला शेवटचा डोळा कधी लावलात? त्यांच्याशी मी वर्षभर भांडले असते. मी ऐकलं ते तुझं. म्हटलं, या अख्ख्या इमारतीत एक माणूस मला फसवणार नाही आणि तो सांगतोय प्रिंट नेहमीसारखा आहे. म्हणजे ठिपके नव्हतेच. म्हणजे माझेच डोळे.

बापू : पुरे ना, ताई.

ताई : डोळ्यांचे तीन डॉक्टर केले. तिसरा म्हणाला, बाई, तुमचे डोळे घारीचे आहेत. दुसरी असती तर पेढे वाटले असते. मी घरी येऊन रडले. डोळे शाबूत, तर बिघाड आणखी आत असणार. मग त्या दुसऱ्या डॉक्टरकडे जायचं ठरलं. मनाच्या. मला कोण घेऊन जायचं तिकडे?

बापू : मी.

ताई : कधी?

बापू : मंगळवारी.

ताई : दर मंगळवारी. तुझ्या स्कूटरवर. दोन वर्षं. तू बाहेर बाकावर बसायचास. मी गोळ्यांची चिठ्ठी घेऊन बाहेर आले की उठून विचारायचास, बरं वाटतंय का?

बापू : हो.

ताई : त्या बाकावर बसून तुझ्या मनात काय यायचं? टोमणा नाही हा, मला खरंच माहीत करून घ्यायचंय.

बापू : आज सांगायचं, असं यायचं. आतलं दार लागलं की मी वाक्यं जुळवायचो. पहिलं वाक्य अजून पाठ आहे. मग तू बाहेर यायचीस. गोळ्यांनी चेहरा शांत झालेला असायचा तुझा. वाटायचं, आता बरी होतेय तर कशाला ढवळायचं. नाही, हेही खरं नाही. मला भीती वाटायची. तू मला टाकशील याची. बाकी सगळं मी नंतर जुळवलं.

ताई : आणि मी लोकांना सांगायचे, भाऊ असावा तर असा. शाळेत, शेजारी, सगळ्यांना. स्वतःचं काम टाकून मला घेऊन जातो म्हणून. केसाने गळा कापणं म्हणतात ना, मुलांना वाक्यात उपयोग करायला द्यायचे मी. त्याचा अर्थ आज कळला.

बापू : मार मला हवं तर.

ताई : वर्गात सूक्ष्मदर्शक होता. पोरं त्यात बघून ओरडायची, बाई, हलतंय, हलतंय! मी पण बघायचे. मलाही हलताना दिसायचं. तरी मी दुसऱ्या पोराला बोलवायचे, तू बघ रे, हलतंय का? तो हो म्हणाला तरच फळ्यावर लिहायचे. सत्तावीस वर्षं. दहा वर्षांच्या पोरांना विचारून मी खरं-खोटं ठरवत होते, बापू. आणि पोरांना वाटायचं, बाई आम्हाला किती मान देतात.

बापू : मला माहीत नव्हतं हे.

ताई : कुणालाच माहीत नाही. किती वाजले?

बापू : पावणेपाच.

ताई : तो मॅडमचा कागद घे. खूण केलीस?

बापू : नाही. पेन धरून बसलो होतो मघाशी. पुन्हा तोच प्रश्न समोर आला आणि मी पुन्हा धूळ म्हणालो. तुझ्यासमोर. या वयात.

ताई : मग आता लिही.

बापू : काय लिहू?

ताई : ते मी सांगायचं?

बापू : थांब... ‘मोकळ्या जागेतील ठिपके सर्वच धुळीचे नाहीत. ब्रश वापरण्यास मनाई झाल्यानंतरही मी तो वापरत होतो. लागोपाठच्या प्रिंटवर जे ठिपके एकाच जागी आहेत ते सूर्यावरचे समजावेत. बुजवण्याची ही चूक माझ्या हातून झाली.’ चालेल?

ताई : ‘निरीक्षकांनी घालून दिलेल्या नियमानुसार’ असं घाल त्यात.

बापू : कशाला गं? तुझं नाव कशाला मध्ये?

ताई : माझ्या वाट्याचं मी घेणार. घाल. घातलंस? आता तुझ्या वाट्याचं लिही.

बापू : लिहिलं की. चूक झाली म्हणून.

ताई : चूक बुधवारी दुपारी संपली. त्यानंतर जे झालं ते लिही.

बापू : ‘विचारणा झाली असता मी खरं सांगितलं नाही. निगेटिव्ह तेव्हा माझ्याकडे होत्या. तीन दिवसांनी त्या मी समजून उमजून नष्ट केल्या.’ ...मंगळवारचंही लिहू?

ताई : ते नको. त्याचा सूर्याशी काय संबंध? सही कर. तारीख घाल.

मॅडम : सॉरी, सॉरी, उशीर झाला! झालं का काका? एवढं काय लिहिलंत? मी नुसती खूण मागितली होती. बघू... काका. हे...

बापू : खरं आहे ते.

मॅडम : बाई, मग हे तीन... म्हणजे तुम्ही तेव्हाच... आणि मी मघाशी तुमच्यासमोर म्हणाले, कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं!

ताई : तुमच्या वाचनात नव्हतं, तुम्ही तरी काय करणार?

मॅडम : तुमची वही आणि हे तीन प्रिंट, शेजारी शेजारी लावले की पुरे. यावर लेख होईल बाई. तुमचं नाव पहिलं घालणार मी. चालेल ना तुम्हाला?

ताई : घाला. आवडेल मला. नको नको म्हणायचं वय गेलं आता.

मॅडम : आणि काकांचं हे निवेदन? ते जोडावंच लागेल. जसंच्या तसं.

बापू : जोडा.

मॅडम : मी याची एक प्रत काढून आणते. बसा तुम्ही. आलेच.

बापू : हा दिवा मालवतो.

ताई : माझी पिशवी दे.

बापू : निघालीस? गाडी दाराशी आणतो. थांब, जिना एकटी उतरू नकोस.

ताई : मी बसने जाईन.

बापू : बसला या वेळी उभं राहावं लागेल तुला.

ताई : राहीन.

बापू : ताई, माफ कर म्हणायलाही तोंड नाही मला.

ताई : मग म्हणू नकोस. आज तू तो शब्द उच्चारलास तर मी सवयीने ‘बरं’ म्हणून टाकेन. तुला ‘बरं’ म्हणायची सवय आहे मला. आणि मग ते खरं नसेल.

बापू : रविवारी येऊ का? नेहमीसारखं?

ताई : ये. दार उघडलं तर जेवून जा.